पहिले तेरा आठवडे : आम्ही एकमेकींना काय विचारलं, काय सांगितलं

दिवस गेल्याचं पहिले तीन महिने कुणाला सांगायचं नाही, ही आपल्याकडची जुनी रीत. काही घरांत तिसऱ्या महिन्यात चोरओटी भरतात, तीही नावाप्रमाणे गुपचूप. त्यामागची भीती मला कळते. राहिलं नाही तर चारचौघांत काय सांगायचं? पण सगळ्यात जास्त प्रश्न पडतात ते याच तीन महिन्यांत. बाळाच्या मेंदूचा आणि मणक्याचा पाया ज्या नळीतून तयार होतो, ती नळी पाळी चुकल्यावर साधारण दोन आठवड्यांतच मिटते. म्हणजे आपण गप्प असतो तेव्हाच महत्त्वाचं काम चालू असतं. आम्ही पाचजणी थोड्या दिवसांच्या अंतराने एकाच ठिकाणी नोंदणी केलेल्या. गावाला नाही सांगायचं तर नको, पण आपसांत बोलायचं असं आम्ही ठरवलं. त्यातलं दुसरीच्या उपयोगी पडेल तेवढंच इथे लिहिते.

पहिला घोळ झाला आठवड्यांचा. गर्भाचं वय मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. त्यामुळे पाळी चुकते त्या दिवशीच हिशेबाने चार आठवडे पूर्ण झालेले असतात, प्रत्यक्षात गर्भ रुजून मात्र थोडेच दिवस झालेले असतात. हे घरात आधीच समजावून सांगा. नवरा कामासाठी बाहेरगावी असेल आणि कागदावर दोन आठवडे जास्त दिसले, तर नको त्या शंका निघतात आणि त्या बाईलाच सोसाव्या लागतात. प्रसूतीची तारीख काढायची रीत सोपी आहे : शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे. पाळी १० जूनला आली असेल तर तारीख १७ मार्च. हा हिशेब २८ दिवसांची पाळी धरून केलेला असतो. पाळी ३५-४० दिवसांनी येत असेल तर तो चुकतो आणि पहिल्या सोनोग्राफीत बाळ 'लहान' दिसतं. आमच्यातल्या दोघींची पाळी अनियमित होती, म्हणून 'तुझं बाळ किती एमएम, माझं किती' हा प्रश्न आम्ही सुरुवातीलाच बंद केला.

घरची लघवीची चाचणी सकाळच्या पहिल्या लघवीवर करायची, कारण ती दाट असते. किटवर लिहिले असतील तितकेच थेंब टाकायचे आणि सांगितलेल्या मिनिटांतच बघायचं. अर्ध्या तासाने उमटलेली पुसट रेघ धरायची नाही. वेळेत आलेली रेघ मात्र फिकी असली तरी ती रेघच. उत्तर 'नाही' आलं आणि तरी पाळी आली नाही, तर तीन-चार दिवसांनी परत करायची. सरकारी 'निश्चय' किट आशाताईंकडे मिळतं. दुकानात जाऊन मागायला संकोच वाटत असेल तर तो सोपा मार्ग.

चाचणीचं उत्तर 'हो' आलं की त्याच दिवशी दोन गोष्टी करायच्या. पहिली, फॉलिक ॲसिड. रोज ४०० मायक्रोग्रॅम, खरं तर दिवस राहण्याच्या आधीपासून, पण राहून गेलं असेल तर आजपासून. ज्यांना मधुमेह आहे, ज्या फिटच्या गोळ्या घेतात किंवा ज्यांच्या आधीच्या बाळाला मणक्याचा दोष होता, त्यांना डॉक्टर ५ मिलिग्रॅमची गोळी देतात. म्हणून मैत्रिणीच्या पाकिटावरचा आकडा बघून आपला ठरवायचा नाही. दुसरी गोष्ट, चालू असलेली सगळी औषधं एका कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवायची. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी तर त्याच आठवड्यात फोन करावा. या काळात शरीराला तो हार्मोन जास्त लागतो आणि डोस बहुधा वाढवावा लागतो. फिटची गोळी मात्र घाबरून स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. आईला फिट आली तर त्याचा धोका दोघांनाही असतो. मुरुमांची आयसोट्रेटिनॉइन ही गोळी तत्काळ थांबवून डॉक्टरांना सांगायचं, तिने गर्भात गंभीर दोष होतात. ताप आला, डोकं दुखलं, तर पॅरासिटामॉल चालते. आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या नकोत.

आता मळमळ. आम्ही सगळ्यात जास्त बोललो ते हिच्याबद्दलच.

ती साधारण सहाव्या आठवड्यात सुरू होते, नवव्याच्या आसपास टोकाला जाते आणि बहुतेकींची सोळा ते वीस आठवड्यांत ओसरते. हे वेळापत्रक माहीत असणं हाच मोठा आधार असतो, कारण आठव्या आठवड्यात वाटतं की आता सात महिने असंच जगायचंय. तिला 'सकाळची' म्हणतात, पण ती संध्याकाळी फोडणीच्या वासाने जास्त उसळते. आमच्यापैकी चौघींना तेल तापल्याचा आणि कांदा परतल्याचा वास असह्य झाला होता. त्यावर उपाय म्हणजे शक्य असेल तर त्या वेळी स्वयंपाकघरात जायचंच नाही, आणि जेवण गरम वाफेचं न घेता कोमट किंवा गार घ्यायचं. गार अन्नाला वास कमी येतो. दहीभात, ताक-भाकरी, मेतकूट-भात, नाचणीची आंबील हे टिकतं. पोट पूर्ण रिकामं झालं की मळमळ वाढते, म्हणून उशाशी कुरमुरे किंवा भाजके चणे ठेवायचे, उठण्याआधी पडल्यापडल्या चार दाणे खायचे आणि दहा मिनिटांनी उठायचं. दर दोन तासांनी थोडं खायचं. पाणी जेवणाबरोबर नको, मधल्या वेळेत घोट घोट. आलं चघळणं, आलेपाकाची वडी, लिंबाचं सरबत यांनी बऱ्याच जणींना बरं वाटतं. उलटीनंतर लगेच दात घासायचे नाहीत, पोटातल्या आम्लाने दातांचं वरचं कवच मऊ झालेलं असतं. साध्या पाण्याने चूळ भरायची, ब्रश अर्ध्या तासाने. फॉलिक ॲसिडची गोळी सकाळी उलटून पडत असेल तर रात्री झोपताना घ्यायची.

एवढ्याने भागत नसेल तर डॉक्टर डॉक्सिलामिन आणि पायरिडॉक्सिन म्हणजे बी-६ यांची एकत्र गोळी देतात. ती अनेक वर्षं वापरात आहे आणि गरोदरपणात सुरक्षित मानली जाते. तिने झोप येते, म्हणून पहिली गोळी रात्रीची असते. 'औषध नको, बाळाला बाधेल' म्हणून अंगावर काढणारीला मी एवढंच सांगेन की उपाशी आणि कोरडं पडलेलं शरीर हाही त्रासच आहे. पाणीसुद्धा टिकत नाही, आठ तासांत लघवी नाही किंवा ती गडद पिवळी-तपकिरी होते, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, किंवा वजन पाच टक्क्यांहून जास्त उतरतं (५० किलोच्या बाईचं अडीच किलो) अशी स्थिती आली तर ती साधी मळमळ राहिलेली नसते. तेव्हा लघवीत कीटोन (शरीर उपाशी पडल्याची खूण) बघतात आणि सलाइन लावावं लागतं. तिथे 'बायकांना होतंच' हे वाक्य कुणी म्हणायचं नाही.

पपईचा प्रश्न प्रत्येकीच्या घरात निघतो. कच्च्या पपईत चीक असतो, ती टाळावी. पूर्ण पिकलेली फोड चुकून खाल्ली म्हणून रात्रभर रडण्याचं कारण नाही. चहा-कॉफीतलं कॅफीन दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत ठेवायचं, म्हणजे दोन कप चहा सहज बसतात. कच्चं अंडं, न तापवलेलं दूध, अर्धकच्चं मटण मात्र नको.

नोंदणी बारा आठवड्यांच्या आत करायची. उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात एएनएम सिस्टर माता-बाल संरक्षण कार्ड देतात. खाजगी डॉक्टरांकडे जात असलात तरी हे कार्ड काढून ठेवा. आधारवर माहेरचं नाव, बँकेत सासरचं आणि कार्डावर तिसरंच, अशी गत झाली की प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेचे पैसे अडकतात. पात्रतेच्या अटी बसत असतील तर पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात आणि ते बाईच्या स्वतःच्या, आधारशी जोडलेल्या खात्यातच जमा होतात. नाव दुरुस्त करायचं काम याच महिन्यांत उरकलेलं बरं, नंतर पाय सुजतात आणि रांगेत उभं राहवत नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते, ती चौथ्या महिन्यापासूनच्या बायकांसाठी. गर्दी असते, तेव्हा डबा आणि पाणी बरोबर न्यायचं आणि शक्यतो दोघींनी मिळून जायचं. एकीने नंबर धरायचा, दुसरीने बसायचं, मग अदलाबदल.

रक्ताच्या पहिल्या तपासणीत हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, एचआयव्ही, सिफिलिस, कावीळ-बी आणि बहुतेकदा थायरॉइड असतं. हिमोग्लोबिन ११ च्या खाली आलं तर त्याला पंडुरोग (रक्तक्षय) म्हणतात, ७ च्या खाली गेलं तर ती तातडीची बाब. साखरेच्या तपासणीत ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाच-दहा मिनिटांत प्यायचं असतं आणि दोन तासांनी रक्त देतात. १४० किंवा त्याहून जास्त आलं तर गरोदरपणातला मधुमेह धरतात. मळमळीच्या दिवसांत हे पाणी पिणं कठीण जातं. अर्ध्या तासाच्या आत उलटून पडलं तर तपासणी धरत नाहीत, दुसऱ्या दिवशी परत करावी लागते. उलटी झाल्याचं लपवायचं नाही, नाहीतर उत्तर खोटं येतं. रक्तगट निगेटिव्ह असेल तर तो कार्डावर ठळक लिहून घ्यायचा आणि नवऱ्याचाही तपासायचा. अशा बाईचं शरीर बाळाच्या रक्ताविरुद्ध लढू नये म्हणून तिला नंतर अँटी-डीचं इंजेक्शन लागू शकतं, मध्येच रक्तस्राव झाला तर ७२ तासांच्या आत.

सोनोग्राफीबद्दल आधी कुणी नीट सांगत नाही. सहा-सात आठवड्यांची पहिली तपासणी बहुधा योनीमार्गातून करतात, कारण तिथून स्पष्ट दिसतं. त्यासाठी लघवी करून जायचं असतं. पोटावरून करायची असेल तर उलट, पाणी पिऊन लघवी भरलेली लागते. योनीमार्गातल्या तपासणीने गर्भ हलत नाही, पडत नाही. साधारण पाच आठवड्यांना गर्भाभोवतीची नुसती पिशवी दिसते, ठोके सहा-साडेसहाच्या सुमाराला. त्यामुळे घाईने पाचव्या आठवड्यात गेलात तर 'ठोके दिसत नाहीत' हे ऐकायला मिळतं आणि पुढचा आठवडा नुसता जाळत राहतो. बाळाची लांबी ७ मिलिमीटरपेक्षा कमी असेल आणि ठोके दिसत नसतील, तर निदान सात दिवसांनी परत बघितल्याशिवाय निकाल लावत नाहीत. त्या सात दिवसांत मैत्रिणीने 'सगळं चांगलंच होणार' असं म्हणू नये. 'मी तुझ्याबरोबर येते' म्हणावं आणि खरोखर जावं.

११ ते १३ आठवडे ६ दिवस या काळात बाळाच्या मानेमागची जाडी बघणारी एनटी तपासणी असते, बाळाची लांबी ४५ ते ८४ मिलिमीटर असताना. त्याबरोबर डबल मार्करची रक्ततपासणी. तारीख आधीच ठरवा, ही खिडकी बंद झाली की ही तपासणी होत नाही. उत्तर '१ : २००' अशा रूपात येतं. ते निदान नव्हे, बाळात डाऊन सिंड्रोमसारखा गुणसूत्रांचा दोष असण्याची शक्यता आहे. 'हाय रिस्क' लिहून आलेल्या बहुतेक बाळांमध्ये पुढच्या तपासणीत दोष निघत नाही. सोनोग्राफीला जाताना डॉक्टरांची चिठ्ठी आणि ओळखपत्र न्यायचं, तिथे एफ फॉर्म भरतात. हा कागद लिंगनिदानबंदीच्या १९९४ च्या कायद्यातला आहे. महाराष्ट्राने तर असा कायदा देशात सगळ्यांत आधी, १९८८ मध्ये केला. म्हणून आमच्यात एक नियम होता : आंबट की गोड, पोट पुढे की पसरट, यावरून मुलगा-मुलगीचा अंदाज कुणीही, गंमतीनेसुद्धा, करायचा नाही. त्या अंदाजाने एखाद्या घरात एखादीचं जेवण बदलतं.

आमचे बोलण्याचे आणखी दोन नियम होते. तक्रार सांगताना कितवा आठवडा, कधीपासून आणि किती, हे तिन्ही आधी सांगायचं. आणि रक्त किंवा जोराचं दुखणं असेल तर चर्चा नाही, सरळ दवाखाना. सुरुवातीच्या काळात थोडं रक्त दर चार-पाच जणींत एकीला दिसतं आणि त्यातल्या अनेकींचं पुढे व्यवस्थित होतं, तरी दाखवायचंच. तासाला एक पॅड भिजत असेल, एका बाजूला तीव्र दुखत असेल, खांद्याच्या टोकाशी कळ येत असेल किंवा चक्कर येत असेल, तर १०८ ला फोन. एका बाजूचं दुखणं, खांद्याची कळ आणि चक्कर ही गर्भ गर्भाशयाऐवजी बीजवाहिनीत राहिला असण्याची खूण असते आणि त्यात तास मोजतात. 'मला डॉक्टरांनी प्रोजेस्टेरॉन (गर्भ टिकायला मदत करणारं हार्मोन) दिलं होतं, तू पण घे' असं कुणी म्हणायचं नाही. ते प्रत्येकीला लागत नाही.

शेवटचं, आणि मला यावर सगळ्यात जास्त बोलावंसं वाटतं. कळून आलेल्या गर्भांपैकी साधारण दहा ते वीस टक्के टिकत नाहीत, बहुतेक पहिल्या तेरा आठवड्यांतच. कारण बहुधा गुणसूत्रांतल्या चुकीचं असतं. बादली उचलल्याने, स्कूटरवर बसल्याने, जिना चढल्याने किंवा मनात वाईट विचार आल्याने असं होत नाही. जिचं राहिलं नाही तिला हे एकदा सांगून पुरत नाही, सासूला, आईला, नवऱ्यालाही सांगावं लागतं. गर्भ टिकला नाही की पुढे वाट बघणं, गोळ्या किंवा गर्भपिशवी साफ करणं हे तीन मार्ग असतात, कुठला ते डॉक्टर आणि ती मिळून ठरवतात. रक्तस्राव दोन आठवड्यांपर्यंत चालू शकतो. ताप किंवा घाण वास आला तर लगेच दाखवायचं. लघवीची चाचणी काही आठवडे 'हो' दाखवत राहते, ती करत बसू नये, जीव उगाच अडकतो. नोकरी करणारीला अशा वेळी मातृत्व लाभाच्या तरतुदींप्रमाणे, आधीच्या वर्षभरात ८० दिवस काम झालेलं असेल तर, सहा आठवड्यांची पगारी रजा मिळते. हे फार थोड्या जणींना माहीत असतं, तिच्यासाठी अर्ज आपण लिहून द्यावा. रात्र रात्र झोप नसेल तर १४४१६ या टेलिमानसच्या (मनाच्या आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनच्या) नंबरवर मराठीतून बोलता येतं.

आणि तिला आपल्यातून गुपचूप वगळू नका. आपली पोटं दिसायला लागली की तिला बोलवावं की नाही, हे तिलाच विचारा, आणि ती 'आत्ता नको' म्हणाली तर महिन्याने परत विचारा. डबा मात्र न विचारता द्या, तोही मऊ भात, वरण, असं साधं. पाळी साधारण चार ते सहा आठवड्यांनी परत येते. पुढच्या वेळेचा, फॉलिक ॲसिड परत कधी सुरू करायचं याचा विषय तिने काढेपर्यंत आपण काढायचा नाही.