दहा मात्रांचं भूत

ह्यूस्टनच्या आमच्या स्केटिंग रिंकवर हॅलोविनला मुखवटे घालायला बंदी असते. लांब झगे, जमिनीवर लोळणारे पंख, खोट्या कुऱ्हाडी, सगळं दारातच काढून ठेवायचं. चाकात कापड अडकलं तर दात पडतात आणि मुखवट्यातून बाजूचं दिसत नाही. त्यामुळे भुतांच्या सणाला आमच्याकडे येणारी भुतं चेहऱ्याला रंग फासलेली आणि जराशी खट्टू असतात. घाबरवायचं उरलेलं काम डीजेवर, म्हणजे माझ्यावर येतं.

२०१५ साली ३१ ऑक्टोबर शनिवारी आला होता. आमच्या धंद्यात याहून चांगला मुहूर्त नाही. पण आदल्या रात्रीपासून पाऊस असा कोसळला की शहरात ठिकठिकाणी रस्त्यांवर पाणी चढलं. रिंक उघडणार की नाही हेच सकाळी ठरेना. मग मॅनेजरबाईंचा फोन आला. "या चिखलात पोरांना घरोघर चॉकलेटं मागत कोण फिरवणार? सगळ्या आया इकडेच येणार बघ. लवकर निघ."

आल्याही. दुपारचं सत्र लहान मुलांचं होतं. त्यात माझा एक हट्ट असतो, हॅलोविनला हिप हॉपच, म्हणजे रॅपवालंच संगीत वाजवायचं. मायकल जॅक्सनचं 'थ्रिलर' मागणारे आईबाप दर दहा मिनिटांनी काचेवर टकटक करतात. लावतेही, कारण त्यातल्या व्हिन्सेंट प्राइस या भयपटांतल्या नटाच्या खर्जातल्या बोलण्याला तबकडीवर चक्क 'रॅप' असं श्रेय दिलेलं आहे. नियम मोडत नाही! बाकी माल भरपूर आहे. ब्रुकलिनच्या हूडिनीचं 'द हाँटेड हाउस ऑफ रॉक' १९८३चं, म्हणजे रॅप नुकतं तबकड्यांवर रांगायला लागलं होतं तेव्हाचं. रन डीएमसीने १९८९मध्ये दुसऱ्या 'घोस्टबस्टर्स' सिनेमासाठी केलेलं गाणं तर पोरांना बरोब्बर लागू पडतं.

आणि जॅझी जेफ-फ्रेश प्रिन्स जोडीचं १९८८चं 'अ नाइटमेअर ऑन माय स्ट्रीट'. फ्रेश प्रिन्स म्हणजे पुढचा विल स्मिथ. 'अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट' या भयपटांतला सुऱ्यांच्या बोटांचा फ्रेडी स्वप्नातून बाहेर येऊन फोनवर बोलतो, अशी सगळी गंमत आहे. पण फ्रेडीच्या सिनेमावाल्यांना ती गंमत वाटली नाही. त्यांनी त्याच वर्षी फॅट बॉइज या दुसऱ्या रॅप त्रिकुटाकडून आपलं अधिकृत रॅप करून घेतलं होतं, म्हणून ते कोर्टात गेले. व्हिडिओ अडला आणि अल्बमवर 'या गाण्याचा त्या सिनेमांशी संबंध नाही' अशी चिकटपट्टी लागली. मला विचाराल तर संबंध नसलेलंच गाणं जास्त चांगलं आहे.

संध्याकाळी फ्लोअर पुसायला मुलांना बाहेर काढलं, तेव्हा रिकाम्या रिंकवर मी 'हॅलोविन' सिनेमाची मूळ धून लावली. जॉन कार्पेंटरने १९७८मध्ये सिनेमाही केला आणि संगीतही स्वतःच दिलं. पियानोवरची ती टिकटिक तुम्ही ऐकली असेलच. कार्पेंटरचे वडील संगीताचे शिक्षक. त्यांनी मुलाला लहानपणी बाँगो आणून दिले आणि त्यावर पाचाचा ताल शिकवला. तोच पुढे या धुनेत आला. पाच ठोके, प्रत्येकाचे दोन भाग, म्हणजे आपल्या हिशेबाने दहा मात्रा. डोंबिवलीला माझे बाबा भजनी मंडळात तबला वाजवायचे, त्यामुळे दहा म्हटलं की माझी बोटं आपोआप झपताल धरतात. पण झपताल चालतो दोन-तीन-दोन-तीन, आणि ही धून चालते तीन-तीन-दोन-दोन. बोटं आणि कान भांडत राहतात. अंगावर काटा येतो तो अर्धा या भांडणामुळे, असं माझं मत आहे.

अडचण अशी की यावर स्केटिंग करता येत नाही. माणसाला पाय दोन. पाच ठोक्यांच्या आवर्तनात एकदा सम डाव्या पायावर पडली की पुढची उजव्यावर पडते. मुलांना फरक पडत नाही, ती कशीही धावतात. पण रात्रीच्या सत्राला येणारे मुरलेले स्केटर तालात पाय घासतात, त्यांचा तोल जातो. आणि मला तर ही धून रात्री फ्लोअरवर वाजवायचीच होती.

म्हणून पुसणं चालू असताना लॅपटॉपवर ती कापायला बसले. दहाच्या आठ करायच्या, म्हणजे चार ठोक्यांचा ढोल खाली बसवता येतो. पण कुठल्या दोन मात्रा काढायच्या? शेवटच्या दोन काढणं सोपं, पण तिथेच तो वरचा सूर अर्ध्या पायरीने आणखी वर सरकतो. सगळं भूत त्या एका सुरात बसलंय. तो गेला की उरते शाळेची घंटा. मी आधीच्या दोन काढल्या आणि शेवटच्या ठेवल्या. तीन-तीन-दोन. खाली जाड ढोल टाकला, आणि काचेपलीकडे पोछा मारणाऱ्या पोराची मान हलायला लागली. त्यावर मी समाधानी.

रात्री पाणी ओसरलं तशी मंडळी आली. बहुतेक चाळिशी-पन्नाशीचे, बरेच फिफ्थ वॉर्ड या शहरातल्या जुन्या वस्तीतले, पिढीजात स्केटर. स्वतःचे स्केट बॅगेतून आणणारे. त्यांच्यातले एक, ज्यांना मी मनातल्या मनात काकाच म्हणते, काचेपाशी आले. हातांच्या पाठीवर पांढऱ्या रंगाने हाडं काढलेली. म्हणाले, "डीजे, आज शनिवार आहे. ते गाणं लागलंच पाहिजे."

ह्यूस्टनमध्ये 'ते' गाणं एकच. गेटो बॉइजचं 'माइंड प्लेइंग ट्रिक्स ऑन मी', १९९१. इथलंच त्रिकूट: स्कारफेस, विली डी आणि उंचीने अगदी छोटा बुशविक बिल. त्याच वर्षी बिलच्या डोळ्याला गोळी लागली होती आणि अल्बमच्या मुखपृष्ठावर दवाखान्यात स्ट्रेचरवर बसलेला तो खराखुरा आहे. गाण्यात भूत नाही. थडगं नाही, किंचाळी नाही. खाली वाजते ती आयझॅक हेजच्या १९७४च्या एका धुनेतली गोड, लाडिक गिटार. वर ज्यांना झोप लागत नाही, कोणीतरी पाठीवर आहे असं सारखं वाटतं, अशा माणसांचं बोलणं. शेवटच्या कडव्यात बिल सांगतो की यंदा हॅलोविन शनिवार-रविवारी आलाय, आपण पोरांच्या चॉकलेटच्या पिशव्या हिसकावत फिरतोय, एक धिप्पाड माणूस समोर येतो, तिघं मिळून त्याला बडवतात. आणि मग तो माणूस नाहीच. बिल एकटा रस्त्यावर मुठी आपटतोय, हात रक्ताळलेले, आणि हॅलोविन तर जवळपासही नाही. फ्रेडी, कवट्या, भोपळे हा सगळा खेळ वाटतो या कडव्यापुढे.

रिंकचा नियम, शिवी चालणार नाही. माझ्याकडे रेडिओवाली आवृत्ती होती, आक्षेपार्ह शब्दांच्या जागी नुसती शांतता. मी कापलेली आठ मात्रांची धून लावली, फ्लोअर भरला, पाय जुळले. सूर जुळवायच्या भानगडीत पडले नाही. ढोल तोडला आणि थेट गिटार.

जो आवाज उठला तो स्पीकरपेक्षा मोठा होता. सगळ्यांना सगळं पाठ. आणि रेडिओवाल्यांनी जिथे जिथे शब्द पुसला होता, तिथे तिथे शे-दीडशे माणसांनी तो एकमुखाने भरला. एरवी गाण्याच्या गडबडीत शिवी निसटून जाते. इथे मागे पूर्ण शांतता आणि वर खणखणीत समूहगान! मॅनेजरबाई पॉपकॉर्नच्या मशीनपाशी उभ्या होत्या. मी तिकडे बघायचं टाळलं.

हॅलोविनचं कडवं आलं तसे लोक कडेला सरकले. काका मधोमध स्केटसकट गुडघ्यावर बसले आणि दोन्ही मुठी लाकडावर आपटायला लागले, ठोक्याच्या अचूक वर. फ्लोअरवर बसायला मनाई, म्हणून पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट घातलेला फ्लोअर गार्ड शिट्टी फुंकत धावला, आणि गंमत म्हणजे तीही तालातच पडली. नुकत्याच पुसलेल्या पॉलिशवर हाडांचे पांढरे ठसे उमटले.

गाणं संपायच्या आत कोणीतरी ओरडलं, "आता स्क्रू कर!" हेही इथलंच. डीजे स्क्रू हा ह्यूस्टनचा माणूस, २०००मध्ये गेला. गाणी संथ करून, मधले तुकडे पुन्हा पुन्हा वाजवून त्याने कॅसेटी काढल्या आणि या शहराच्या कानालाच ती चाल लावली. वेग बदलला तरी सूर धरून ठेवणारं बटण मी बंद केलं आणि वेग खाली ओढला. बिलचा बारीक आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा झाला. मुखवट्याची गरजच उरली नाही. सगळे एका पायावर, लांब लांब घसरत फिरायला लागले.

नंतर मॅनेजरबाई वर आल्या. "तू म्हणाली होतीस, सोज्ज्वळ आवृत्ती आहे."

"गाणं सोज्ज्वळच आहे. गिऱ्हाईकांचं मी काय करू?"

त्यांनी खाली फ्लोअरवरच्या ठशांकडे पाहिलं, मग गल्ल्याकडे. "पुढच्या वर्षी रात्रीचं सत्र अठरा वर्षांवरच्यांसाठी," त्या म्हणाल्या, "आणि त्या माणसाला हातमोजे दे."