लुईतच्या काठाकाठानं, भूपेनदांच्या सदियापर्यंत

आपल्याकडे भूपेन हजारिका म्हटलं की पटकन आठवतं ते रुदालीमधलं 'दिल हूम हूम करे', आणि फार तर गंगेला जाब विचारणारं ते दुसरं गाणं, बस. पण हा माणूस स्वतः लिहायचा, स्वतः चाल बांधायचा आणि स्वतः गायचा, आणि आसामात त्यांचं काय स्थान आहे ते तिकडे गेल्यावरच कळतं. म्हणून यंदा काझीरंगा वगैरे बाजूला ठेवून आम्ही दोघं गुवाहाटी, तेजपूर आणि तिथून पार सदियापर्यंत गेलो.

गुवाहाटीत पहिलं जालुकबारीला, विद्यापीठाजवळ त्यांची समाधी आहे तिथे. बाहेर हायवेवर ट्रकांची नुसती रांग, आणि आत एक म्हातारी बाई नातीला घेऊन आलेली, तिनं पिशवीतून लाल काठाचा गामोसा (मानानं देतात तो असमिया पंचा) काढला, घडी नीट केली, कपाळाला लावला आणि ठेवला, अगदी आपण देवाला वस्त्र वाहतो तसा. ५ नोव्हेंबर २०११ ला ते गेले ते मुंबईत, शेवटची बरीच वर्षं मुंबईतच होते ना, पण अंत्यसंस्कार गुवाहाटीत ९ तारखेला झाले आणि लाखो माणसं आली. आमचा ड्रायव्हर तेव्हा शाळेत होता, म्हणाला, "बाइदेउ (म्हणजे ताई), आमच्या गल्लीत एक माणूस घरी नव्हता, सगळे तिकडेच."

तेजपूर मला जास्त आवडलं. निवांत गाव आहे, नदीकाठ आहे, आणि भूपेनदांची सुरुवात इथली. वडिलांच्या बदल्या व्हायच्या, दहा भावंडांत हा थोरला, आईकडून गाणी शिकलेला. इथे ज्योतिप्रसाद आगरवाला आणि बिष्णुप्रसाद राभा या दोन मोठ्या असमिया कलावंतांनी हा पोरगा गाताना ऐकला आणि १९३६ मध्ये त्याला कलकत्त्याला रेकॉर्डिंगला नेलं, वय वर्षं दहा! मग १९३९ च्या 'इंद्रमालती' सिनेमात गायला, बनारसला जाऊन एमए केलं, पुढे थेट न्यूयॉर्क, कोलंबिया विद्यापीठ, १९५२ ला डॉक्टरेट. विषय काय तर प्रौढशिक्षणात दृकश्राव्य साधनं कशी वापरायची. गाणाऱ्या माणसानं हा विषय घ्यावा याचं मला फार अप्रूप वाटतं, लोकांपर्यंत पोचायचं कसं हाच विचार ना शेवटी.

तिथेच पॉल रोबसन हे कृष्णवर्णीय अमेरिकी गायक भेटले. रोबसनचं मिसिसिपी नदीवरचं गाणं जगभर गाजलेलं, ते डोक्यात घेऊन भूपेनदा परत आले आणि 'बिस्तीर्ण पारोरे' लिहिलं. आता यात काय केलंय बघा, मूळ गाण्यातली नदी नुसती वाहत राहते, कुणाचं काही ऐकत नाही, भूपेनदा मात्र म्हाताऱ्या लुईतलाच (ब्रह्मपुत्राला तिकडे लुईत म्हणतात) धरतात, की दोन्ही काठांवर एवढी माणसं आक्रोश करतायत आणि तू गप्प कसा वाहतोस. गंगावालं हिंदी गाणं यावरूनच आलंय. काठावर बसून मोबाइलवर मूळ असमिया ऐकलं तेव्हा समोर पलीकडचा किनारा धड दिसतही नव्हता, आणि त्या गाण्यात एवढा खर्जातला, एवढा लांब आवाज का लागतो ते तिथे पटलं.

दुसरं 'दोला हे दोला'. पालखीत रेशमी फेटेवाले बसलेत आणि भोई वाहून नेतायत, त्यातल्या एका भोयाला पोराला साधा सदरा घेता आला नाही. चाल मात्र भोयांच्या पावलांची, हुं हुं करत जाणारी, तुम्ही नकळत त्यांच्याबरोबर चालायला लागता. मला विचाराल तर त्यांचं सगळ्यात मोठं गाणं हेच.

आणि नुसतं गाऊन थांबले नाहीत. १९६० ला आसामात भाषेवरून दंगली पेटल्या, असमिया विरुद्ध बंगाली, तेव्हा हेमांग बिस्वास या बंगाली गीतकाराबरोबर कलाकारांची टोळी घेऊन भूपेनदा गावोगाव गात फिरले. हारधन नावाचा बंगाली आणि रंगमन नावाचा असमिया, दोघांचं दुःख एकच, असं ते गाणं. पेटलेल्या गावात जाऊन हे गायला काळीज लागतं हो. पुढे १९६७ ला अपक्ष आमदार झाले, १९९२ ला फाळके पुरस्कार, २०१९ ला मरणोत्तर भारतरत्न, हे सगळं आहेच.

शेवटचा टप्पा सदिया, ८ सप्टेंबर १९२६ चा त्यांचा जन्म इथला. तिनसुकियाहून ढोलाला यायचं आणि मग लोहितवरचा (ही नदी पुढे ब्रह्मपुत्रालाच मिळते) तो ९.१५ किलोमीटरचा पूल, २०१७ ला सुरू झाला, नाव भूपेन हजारिका सेतू. आधी इथे फेरीबोटच होती. गाडी चालतेच आहे चालतेच आहे, खाली वाळूची बेटं, पाण्याच्या फाटलेल्या धारा, आणि पलीकडे अरुणाचलचे डोंगर. पण जुनं सदिया गाव बघायला मिळत नाही, कारण १५ ऑगस्ट १९५० च्या प्रचंड भूकंपानंतर नदीनं ते गिळलं. तेव्हा भूपेनदा न्यूयॉर्कला शिकत होते. जन्मगाव ज्या पाण्यात गेलं त्याच पाण्याला त्यांनी पुढे ते प्रश्न विचारले, हे त्या पुलावर उभं राहिल्यावर माझ्या फार अंगावर आलं.

जाणार असाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा, पावसाळ्यात पुरामुळे रस्त्यांचा भरवसा नसतो. तेजपूर घाईत उरकू नका, मुक्काम करा. आणि निघायच्या आधी हिंदी नाही, असमिया गाणी डाउनलोड करून घ्या, पुढे बऱ्याच ठिकाणी रेंज जाते.