सात शर्ट, दोन सूत

जूनच्या पहिल्या पावसात पहिला शर्ट बेतला होता, काल रात्री सातव्याची काजं संपली. घातला, खोचला, दोन्ही हात सरळ वर केले. शर्ट पँटीतून बाहेर आला नाही. पाच महिने सगळी खटपट एवढ्यासाठीच चालली होती, म्हणून ही नोंद जरा लांबणार.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. मी बेळगावात उद्यमबागेत लेथवर काम करतो. घरी आईची काळी पायमशीन आहे, १४ नंबरची सुई, आणि रात्रीचे दीडदोन तास माझे. विकतचा एकही शर्ट मला नीट बसत नव्हता आणि का बसत नाही हे कुणाला सांगता येत नव्हतं, म्हणून शिवायला लागलो.

पहिलं काम केलं ते मोजण्याचं. एका रविवारी कपाटातले अकरा शर्ट पलंगावर पालथे घातले आणि खांद्याला टेप लावली. माझा खांदा हाडापासून हाडापर्यंत १७.५ इंच. अकरापैकी नऊ शर्टांचा निघाला १९ च्या आसपास. म्हणजे दोन्हीकडं सहा सहा सूत शिवण खांदा सोडून दंडावर उतरलेली. (इंचाचे आठ सूत. हे माप आमच्या वर्कशॉपातही चालतं आणि शिंप्याच्या टेबलावरही, त्यामुळं मला इथं परकं वाटलं नाही.)

असं का होतं? रेडीमेड शर्टाचा नंबर बहुतेक छातीवर ठरतो, आणि आपण तो घेतो पोटावर. माझी छाती ३९, पोट ४१. चाळीस नंबरचा पोटावर ताणतो, बटणांच्या मधनं बनियन दिसते, म्हणून दुकानातला पोरगा ४२ हातात देतो. पोट झाकतं, आपण खूश. पण ४२ मध्ये खांदाही वाढलेला, मुंढाही (बाही जोडतात तो गोल) वाढलेला, बाहीही वाढलेली. शिवण दंडावर उतरली की बाही तेवढीच खाली जाते आणि कफ तळहातावर येतो. मग आपण म्हणतो बाही लांब आहे आणि दुमडून घेतो, किंवा बाही आखूड करायला टाकतो. चूक वर खांद्यात बसलेली असते आणि इलाज खाली मनगटाला चाललेला असतो. पुरुषांच्या कपड्यांतली ही सगळ्यात मोठी चूक, असं माझं आता ठाम मत आहे. रंग, चेक्स, कॉलरचा आकार यांवर आपल्यात फार बोलणं होतं. पण खांदा चुकलेला असेल तर भारीतला भारी कापडाचा शर्टही दुसऱ्याचा मागून घातल्यासारखा दिसतो.

बेळगावच्याच शहापुरात एक जुने टेलर आहेत. घरात कन्नड, गिऱ्हाइकांशी मराठी. पहिल्या तीन शर्टांनंतर मी माझा प्रताप घेऊन त्यांच्याकडं गेलो. त्यांनी शर्ट उलटा केला, खांद्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हेगल सरी इरबेकु." खांदा बरोबर पाहिजे. मग मराठीत म्हणाले, "पोटाला कापड वाढवता येतंय बाळ, पण खांदा मोठा झाला की शर्ट निम्मा उसवायला लागतंय."

आणि तसंच आहे. खांदा कमी करायचा तर बाही काढायची, मुंढा नव्यानं कापायचा, बाहीचा गोल त्याला जुळवायचा आणि परत बसवायचा. उलट, पोटाला जागा द्यायची तर बेततानाच छातीखालनं पुढच्या भागाला बगलेच्या शिवणीत दोन्हीकडं चार चार सूत सोडायचे, बस. आणि एक गोष्ट मला पाचव्या शर्टापर्यंत कळली नव्हती: पोट पुढची कड वर उचलतं, म्हणून पुढच्या भागाची उंचीही थोडी जास्त धरायला हवी. मी एक इंच धरतो.

पहिल्या तीन शर्टांचं पटकन उरकतो. पहिला हुदलीच्या खादीचा. १९३७ साली गांधी सेवा संघाच्या अधिवेशनाला गांधीजी जिथं आले होते तेच आपलं हुदली. खादी ३६ पन्ह्याची (म्हणजे ३६ इंच रुंद), अडीच मीटर घेतली आणि न भिजवता कापली. पहिल्याच धुण्यात बाही इंचभर वर गेली. आता कापड घरी आलं की आधी रात्रभर पाण्यात, मग वाळवून इस्त्री, मगच खडू. पावसाळ्यात आपल्याकडं सुती कापड वाळायला दोन दोन दिवस लागतात, पण ते दोन दिवस द्यायचेच. दुसऱ्याची कॉलर वाकडी. तिसऱ्यात दोन सूत मारून गेले, आणि हे सविस्तर सांगतो.

लेथवर मी दोन सूत इकडंतिकडं केले तर जॉब सरळ भंगारात जातो. कापडावर मात्र मला वाटलं, कापडच आहे, सांभाळून घेईल. बगलेची शिवण ठरल्यापेक्षा दोन सूत आत गेली. शिवणीत पुढचा आणि मागचा असे दोन्ही भाग तेवढेच जातात, आणि शिवणी दोन. म्हणजे चार ठिकाणी दोन दोन, आठ सूत, छातीत पुरा एक इंच कमी. मी छातीवर चार इंच ढिलाई धरली होती, उरली तीन. बसल्यावर बटणं ओढायला लागली. तेव्हापासून मशीनच्या पट्टीवर सुईपासून चार सुतांवर चिकटपट्टी लावली आहे आणि कापडाची कड तिला धरून चालवतो.

तो शर्ट वाचला असता, पण मी माया सोडली नव्हती. शिवणीच्या आत जास्तीचं कापड ठेवतात त्याला माया म्हणतात हे शिकलो आणि तो शब्द मनात घर करून राहिला. वडिलांची लग्नातली पँट आईनं ठेवली आहे. मागच्या शिवणीत दीड इंच माया, पायाच्या दुमडीत दोन इंच. त्या शिंप्यानं वीस वर्षं पुढचा विचार करून कापड दाबून ठेवलं होतं. माझ्या विकतच्या पँटींत शोधलं तर जेमतेम चार सूत. पँट घेताना आतनं उलटून बघायची सवय लावून घ्या.

चौथ्या शर्टात मुंढा चुकला. मला वाटायचं, मोठा मुंढा म्हणजे हात मोकळा. उलटं आहे. मुंढा जितका खोल, तितकी बाही बगलेपासून खाली जोडलेली, आणि हात उचलला की ती सगळा शर्ट घेऊन वर येते. मोटारसायकलवर हँडल धरलं की आपला शर्ट मागनं सुटतो त्याचं कारण बहुतेक हेच. मुंढा बगलेच्या जवळ ठेवला की हात एकटा वर जातो. मी तो सहाव्यात चार सुतांनी आणि सातव्यात आणखी दोन सुतांनी वर घेतला. ते शेवटचे दोन सूत कालच्या शर्टात आहेत.

मापाबद्दलही एक सांगायचं आहे. शहापूरच्या त्या टेलरमामांकडं मी दोन शनिवार नुसता बसून बघितलं. टेप पोटाला लागली की जवळजवळ प्रत्येक माणूस श्वास आत ओढतो. खिशात पाकीट, मोबाईल तसेच. जाड पट्टा कंबरेला. चप्पल घालून यायचं आणि बूटावरची पँट मापायची. मामा गिऱ्हाइकाला घरचं काहीतरी विचारतात, तो बोलायला लागला की श्वास सुटतो आणि मग ते माप लिहितात. मी घरी स्वतःचं माप घेताना आता मोठ्यानं आकडे म्हणतो, तोच उपयोग होतो.

तुळशीच्या लग्नानंतर खानापूरला आमच्या मावसभावाचं लग्न झालं. घरातली पाच पोरं ब्लेझरमध्ये. तिघांच्या ब्लेझरला मागच्या चिरेवर फुलीसारखा पांढरा टाका तसाच. तो टाका फक्त दुकानात घडी मोडू नये म्हणून घातलेला असतो, घालायच्या आधी कापायचा असतो. एकाच्या बाहीवर कंपनीची पट्टीही होती, तीही तशीच काढायची असते. मी आईच्या पर्समधली छोटी कात्री घेऊन मंडपामागं तिघांचं काम उरकलं. भाचा म्हणाला, "मामा, खिसा पण शिवलेलाच आलाय की." तोही उघडून दिला. सगळ्यात खालचं बटण उघडं ठेवा हेही सांगितलं, कारण कोट तिथं मोकळा सोडायच्या हिशेबानंच बेतलेला असतो. बाही मात्र दोघांची अंगठ्यापर्यंत आली होती आणि तिला तिथं इलाज नव्हता. अर्धा इंच शर्टाचा कफ दिसेल इतकी ती वर हवी.

नवरदेवानं झब्ब्याखाली निपाणीहून आणलेली कोल्हापुरी घातली होती आणि सगळ्यांत तोच नेटका दिसत होता. कोल्हापुरीचं जीआय (भौगोलिक मानांकन) महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकाच्या चार जिल्ह्यांना मिळून आहे, त्यात आपला बेळगाव आहे. झब्ब्याखाली स्पोर्ट शूज घालणाऱ्या पोरांना हे मी त्या दिवशी दोनदा सांगितलं.

सातव्या शर्टाची सध्याची मापं अशी: इचलकरंजीचं पॉपलीन, ५८ पन्हा, १.६० मीटर. छाती ४३, खांदा १७.५, गळ्यात दोन बोटं सहज जातात. पाठीच्या मधली प्लेट (चुणी) काढून दोन्ही बाजूंना खांद्याच्या मागच्या हाडांवर दोन छोट्या घातल्या, त्यामुळं खोचल्यावर मागं फुगा येत नाही. डाव्या कफाचं काज जरा तिरकं आहे, ते उसवून परत करणार.

पुढं पँट. कापड ५८ पन्ह्याचं १.२० मीटर आणून भिजवून ठेवलं आहे. अडलंय आसनावर, म्हणजे कंबरेपासून दोन पायांच्या जोडापर्यंतच्या उंचीवर. पोटाखाली पट्टा बांधायच्या सवयीमुळं माझ्या सगळ्या पँटींचं आसन आखूड आहे आणि बसलं की मागनं खाली सरकतात. नाभीजवळ बसणारी बेतायची आहे. तुमच्यापैकी कुणी बैठ्या कामाच्या माणसासाठी आसन बेतलं असेल, तर मागचा भाग पुढच्यापेक्षा किती सूत वर घेतला ते आकड्यानिशी सांगा. रविवारी कात्री लावायची आहे.