माँटगोमेरीला जाताना भाच्याशी झालेला वाद

अटलांटाहून माँटगोमेरी गाडीने अडीच तासांवर. गाडी भाचा चालवत होता. तो अमेरिकेतच वाढला. २०२०मध्ये पोलिसाने केलेल्या जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाच्या खुनानंतर निघालेल्या मोर्चांत तोही होता. "मामा, जुन्या नागरी हक्क चळवळीकडे किंग होते. आमच्याकडे काय, हॅशटॅग," असं तो म्हणाला आणि अलाबामाची हद्द लागेपर्यंत आमचं त्यावरच चाललं होतं.

डेक्स्टर अव्हेन्यूवरचं लाल विटांचं चर्च मला वाटलं होतं त्याहून बरंच लहान निघालं. मार्टिन ल्यूथर किंग १९५४मध्ये इथे पाद्री म्हणून आले, तेव्हा जेमतेम पंचविशीचे. जवळच राज्याचं पांढरं कॅपिटॉल, म्हणजे विधानभवन आहे. १८६१मध्ये गुलामगिरीसाठी फुटून निघालेल्या राज्यांच्या अध्यक्षाचा शपथविधी तिथे झाला. उतारावरून चालत खाली गेलं की कोर्ट स्क्वेअर. इथे माणसांचा बाजार भरायचा आणि इथेच १ डिसेंबर १९५५ला रोझा पार्क्स बसमध्ये चढल्या.

त्यांना अटक झाली त्या जागी आता संग्रहालय आहे. गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडायला सांगितलं, पण बाई दमल्या होत्या म्हणून उठल्या नाहीत, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. प्रत्यक्षात त्या काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेच्या स्थानिक शाखेच्या सचिव होत्या. त्यांच्या नऊ महिने आधी क्लॉडेट कोल्विन ही पंधरा वर्षांची मुलगीही जागेवरून उठली नव्हती आणि तिलाही अटक झाली होती. पण तिला पुढे करावं असं पुढाऱ्यांना वाटलं नाही. पार्क्सबाईंना अटक झाली त्या रात्री जो अ‍ॅन रॉबिन्सन या प्राध्यापिकेने कॉलेजच्या मशीनवर बसवरच्या बहिष्काराची हजारो पत्रकं छापून काढली. जॉर्जिया गिलमोर स्वयंपाकीण. तिची नोकरी गेली, तर ती घरीच रांधून विकू लागली आणि तो पैसा लोकांची ने-आण करणाऱ्या गाड्यांच्या पेट्रोलला गेला. असे ३८१ दिवस! किंगना बहिष्कार चालवणाऱ्या संघटनेचं अध्यक्ष निवडलं ते बहिष्काराला सुरुवात झाल्यावर, त्याच दिवशी. भाच्याला म्हटलं, "बघ, तुमच्यासारखंच. आधी बायका, मग नेता." भाच्याच्या मोर्चांमागची ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर ही चळवळही २०१३मध्ये तीन बायकांनीच सुरू केली.

तो हसला, पण पटलं नाही. "आमच्या मोर्चांना दीड-दोन कोटी लोक आले म्हणतात. पुढे काय झालं? पोलीस सुधारणेचं विधेयक सिनेटमध्ये अडकलं." इथे त्याचं खरं होतं. फ्लॉइडच्या खुनाचं चित्रण सतरा वर्षांच्या मुलीने फोनवर केलं आणि काही दिवसांतच गावोगावी गर्दी जमली. त्या गर्दीमागे दर आठवड्याला भरणारं चर्च मात्र नव्हतं. शिवाय बसमधला भेदभाव कायद्यात लिहिलेला, त्यामुळे तो कोर्टाकडून रद्द करून घेता आला. पोलिसांचं वागणं देशभरातल्या सुमारे अठरा हजार वेगवेगळ्या खात्यांत विखुरलंय. ते कुठल्या कोर्टात रद्द करायचं?

"किंगसारखं शांततेनं करा" असा उपदेश करणाऱ्यांचा मात्र मला राग येतो. १९६६च्या गॅलप पाहणीत ६३ टक्के अमेरिकनांचं किंगविषयीचं मत वाईट होतं.

दुपारी लिंचिंगच्या, म्हणजे जमावाने ठार मारलेल्या काळ्या माणसांच्या स्मारकावर गेलो. गंजक्या रंगाच्या पोलादाचे आठशेहून अधिक खांब, काउंटीगणिक, म्हणजे जिल्ह्यागणिक एक, त्यावर नावं. सुरुवातीला ते डोळ्यांसमोर असतात. पुढे जमीन उतरत जाते आणि खांब डोक्यावर टांगलेले दिसू लागतात. जोतीरावांनी १८७३मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकी लोकांना. या खांबांचा हिशोब त्यानंतर चारच वर्षांनी, १८७७पासून सुरू होतो. तिथे आम्ही वाद घातला नाही.

सेल्माला पोचेस्तोवर ऊन कलत आलं होतं. ७ मार्च १९६५ला मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या सुमारे सहाशे लोकांना पोलिसांनी जिथे झोडपलं, तो एडमंड पेटस पूल चालून यायला पाच-सात मिनिटं पुरतात. पेटस म्हणजे गुलामगिरीवाल्यांचा सेनापती. त्याचं नाव पुलाच्या कमानीवर अजून ठळक आहे. त्या मारहाणीतून ऑगस्टमध्ये मतदान हक्काचा कायदा आला. २५ जून २०१३ला सुप्रीम कोर्टाने त्यातलं महत्त्वाचं कलम निकामी केलं. खटला अलाबामातल्याच शेल्बी काउंटीचा. ट्रेव्हॉन मार्टिन या काळ्या मुलाला गोळी घालणारा त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत निर्दोष सुटला आणि भाच्याच्या त्या 'ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर' हॅशटॅगचा जन्म झाला. या दोन तारखा त्याने कधी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. परतीच्या वाटेवर तो म्हणाला, "म्हणजे त्यांचंही पुरं झालं नव्हतं तर." मग जेवायला कुठे थांबायचं यावर नवा वाद सुरू झाला.