एकटा नाकतोडा

आज सकाळी साताऱ्याजवळच्या आमच्या रानात सोयाबीनच्या पानावर बसलेला एक हिरवा नाकतोडा मी झटकणार, इतक्यात बांधावर गवत कापणाऱ्या शेजारच्या आजी म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या वो त्येला, एकटा हाय तवर गरीबच हाय."

हे वाक्य दिवसभर मनातून गेले नाही. एकांडा राहणारा नाकतोडा आणि थव्याने पिके फस्त करणारा टोळ ही एकाच जातीची दोन रूपे असू शकतात, हे बोरिस उवारोव्ह या कीटकशास्त्रज्ञाने १९२१ मध्ये मांडले. पुढे वाळवंटी टोळांवरील प्रयोगांत असे आढळले की, दाटीवाटीत मागच्या मांड्यांना सतत स्पर्श होत राहिला, तर एरवी इतरांना टाळणारा हा कीटक अवघ्या काही तासांत त्यांच्याकडे ओढला जाऊ लागतो. आणि या बदलाला सेरोटोनिन कारणीभूत असते, हे २००९ मध्ये समोर आले. हे रसायन आपल्याही मेंदूत असते!

अर्थात मे २०२० मध्ये विदर्भात उतरलेले टोळ वाळवंटी जातीचे होते. आमच्या सोयाबीनवरचा हा प्राणी त्यांच्यातला नव्हे, हे आजींना सांगायचे मी टाळले.

वाकून पाहिले, तर पानाची कड अर्धगोल कुरतडून तो मिशा हलवत स्थिर बसला होता. त्याचे कान डोक्यावर नसून पोटाच्या पहिल्या खंडावर, पंखांखाली असतात. आमचे बोलणे त्याने तिथून ऐकले असेल का?

फवारणीचा पंप मी तसाच परत नेला.

तुमच्याकडची जुनी माणसे नाकतोड्याविषयी काय सांगतात?