कोपऱ्यातला टाका

सेलू, गुरुवार, रात्रीचे साडेदहा

आज तिसऱ्यांदा उसवलं.

बायझंटाईन टाका म्हणे, जाळीच्या कापडावर लोकरीनं भरायचा. नाव भारदस्त, काम जिन्याचं. जाळीचे दोन उभे आणि दोन आडवे धागे ओलांडून एक तिरका टाका. असे तीन उजवीकडे, मग तीन वर, परत तीन उजवीकडे. पुढची ओळ पहिल्या जिन्याला खालून चिकटून जाते, मध्ये एक भोकही रिकामं राहायला नको. पहिला जिना कसाही काढा, छानच दिसतो. खोट दुसऱ्यात कळते.

खोट कोपऱ्यात होती. उजवीकडे जाणारा तिसरा टाका हाच वर चढणाऱ्यांतला पहिला. तो दोन्हीकडे धरायचा. मी कधी धरला, कधी सोडला, त्यामुळे एक पायरी तिनाची तर एक चाराची. इथल्या जवळच्या वालूरची बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, बांधणाऱ्यांनी गोल गोल पायऱ्या कशा मोजल्या असतील कुणास ठाऊक, माझ्याच्यानं तिनापर्यंत होईना.

त्यात लोकरही पिंजली. दोन हात लांब दोरा घेतला की जाळीतून ये-जा करून शेवटी कापसासारखा होतो. आता वीतभराच्या दुपटीनंच कापते.

सासूबाई शेजारी वाती वळत बसल्या होत्या. चष्मा वर करून म्हणाल्या, "काय गं, पतंग करायलीस का?"

बघते तर चौकोन खरंच एका अंगाला कललेला. सगळे टाके एकाच दिशेला झुकलेले, जाळी बिचारी तिकडंच ओढली जाणार. त्यांनी सुई मागून घेतली. जन्मभर गोधड्यांना धावदोरा घातलेला हात, मोजणं-बिजणं काही नाही. दोन टाके घातले अन् म्हणाल्या, "ओढायलीस कशाला इतकं? नुसता टेकव की."

त्यांचे ते दोन टाके मोजणीत चुकलेत. पण बसलेत असे गुबगुबीत, की उसवायला हात होईना.

चौथ्या खेपेला जिने जुळले. तिरकेपणा थोडा उरलाच. लाल लोकर रंग सोडत नाही ना, हे आधी पांढऱ्या रुमालावर दाबून पाहिलं. मग नमुना ओलसर करून, कोपरे ताणून लेकाच्या ड्रॉइंग बोर्डावर पिनांनी ठोकला. गंजक्या पिना वेचून बाजूला काढल्या, नाहीतर डाग पडले असते. वाळायला उद्याची दुपार तरी होईल.

उद्या त्याचा चित्रकलेचा तास आहे, हे आत्ता आठवलं.