आमची वाटचाल : शेडच्या ट्रसपासून खाणीच्या शाफ्टपर्यंत

हिंगणा एमआयडीसीत आमचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. सुरुवातीला गोडाऊनचे ट्रस, टाकीचे स्टँड, राइस मिलवाल्यांचे एलिव्हेटर, जे मिळेल ते करायचो. खाणीचं काम करू असं काही डोक्यात नव्हतं, पण नागपुरात राहून मँगनीजपासून लांब किती राहणार, मँगनीज काढणाऱ्या सरकारी कंपनीचं, मॉइलचं, हेड ऑफिस इथंच आणि भंडारा-बालाघाटचा पट्टा काही तासांवर. बालाघाटजवळची भरवेलीची खाण म्हणजे आशियातली सगळ्यात खोल भूमिगत मँगनीज खाण म्हणून सांगतात, त्या बाजूच्या एका ठेकेदाराचं शिड्या आणि रेलिंगचं छोटं काम आलं, ते वेळेत दिलं आणि मग त्यानंच शाफ्टच्या आतल्या स्टीलचं विचारलं.

शाफ्ट म्हणजे खाणीत उतरायची उभी विहीरच, पण नुसता खोल खड्डा नाही भाऊ. आत ठरावीक अंतरावर आडवे गर्डर बसवतात, त्यांना बंटन म्हणतात, आणि त्या बंटनवर वरपासून खालपर्यंत गाइड. बिल्डिंगच्या लिफ्टला रेल असते तसंच, फक्त इथं माणसांचा पिंजरा म्हणजे केज आणि माल भरलेला डबा म्हणजे स्किप त्यावरून सुसाट पळतो, त्यामुळे दोन गाइडच्या जॉइंटला जरासुद्धा पायरी पडली की प्रत्येक फेरीला तिथं हादरा बसणार, बोल्ट ढिले होणार, गाइड झिजणार. शेडमध्ये पाच-सात एमएम इकडंतिकडं चालून जातं, इथं एक-दोनावरून माल परत येतो.

आणि शाफ्टमध्ये गॅस कटर घेऊन ॲडजस्ट करत बसणं नाहीच. वरून पाणी टपकतंय, पोरं टांगत्या स्टेजवर लटकलेली, एक बंटन अडला की खालचं सगळं काम थांबलं. म्हणून आम्ही यार्डात काँक्रीटचा सपाट पॅड करून घेतला, बंटन-गाइड त्यावर आडवे जोडून बघतो, प्रत्येक पीसला पंच मारून नंबर, मग खोलून गॅल्व्हनायझिंगला, म्हणजे गंजू नये म्हणून झिंकचा थर चढवायला. ब्रॅकेटला लांबट भोकं ठेवतो, कारण शाफ्टच्या भिंतीचं काँक्रीट लाइनिंग ड्रॉइंगसारखं गोल कधीच नसतं. बंद पाइप सेक्शनला व्हेंटची भोकं ठेवावीच लागतात, नाहीतर वितळलेल्या झिंकच्या टाकीत तो फुटतो अक्षरशः. गॅल्व्हनायझिंगनंतर पातळ प्लेटा वाकतात ते वेगळंच, त्या सरळ करायला एक जुने मिस्त्री आहेत आमच्याकडे, त्यांची सर कुठल्या मशीनला नाही.

बसवायचं काम शाफ्टवाल्यांचंच असतं, आमचे फिटर मापासाठी जातात. त्यांचं मेडिकल आणि व्होकेशनल ट्रेनिंग झाल्याशिवाय खाली सोडत नाहीत आणि तेच बरोबर आहे, सुरुवातीला पोरं कुरकुरायची.

पैशाचं मात्र विचारू नका. मोठा ठेकेदार आम्हाला देतो तेव्हा त्याचं वरून आलेलं असावं लागतं, त्यात रिटेन्शन, म्हणजे बिलातून राखून ठेवलेली रक्कम, अडकून राहतं. सूक्ष्म-लघु उद्योगांना 45 दिवसांत पेमेंट असा कायदा 2006 पासून आहे, पण पुढची ऑर्डर हवी असलेला माणूस तक्रार करतो का? बायको हिशेब बघते म्हणून तगलो. आता स्टीलचा ॲडव्हान्स आल्याशिवाय ती मला कोटेशनवर सहीच करू देत नाही.

राजस्थानच्या झिंक खाणींकडून पण चौकशी येतेय, शाफ्ट तिकडं मोठे आहेत, पण ट्रकच्या भाड्यात मार्जिन जातं, त्यामुळे फक्त गाइड आणि ब्रॅकेटचं कोट दिलंय. सध्या बीम ड्रिल लाइन, म्हणजे गर्डरला आपोआप भोकं पाडणारं मशीन, घ्यायची का यावर घरात वाद चालू आहे, चुंबकानं चिकटवायच्या छोट्या मॅग ड्रिलवर इतकी भोकं मारत बसलं तर पुढचं काम वेळेत जात नाही. बँकवाले पुढच्या आठवड्यात वर्कशॉप बघायला येतायत.